काळा दगड, सावळा चेहरा

फोटोग्राफी शिकताना आधी चेहरे टिपावेत की निसर्ग? माझ्या मते आधी अंबरनाथच्या शिवमंदिरापुढे उभं राहावं. इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं हे शिलाहारकालीन देऊळ काळ्या बेसाल्टचं आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं सारं मध्यम करड्या छटेचं मानून हिशेब करतो, म्हणून काळी भिंत टिपली की ती फिकट उतरते. तिथे एक्स्पोजर मुद्दाम कमी करावं लागतं. सकाळचं तिरपं ऊन कडेने आलं की मूर्तींचे गाल, नाक, बोटं उठून दिसतात. भर दुपारी उन्हाच्या झळाळीत ती बारकाई हरवते. बदलापूरला उल्हास नदीचा काठ टिपतानाही तिरप्या उन्हाचा हाच नियम.

कुणी म्हणेल, आता फोन हे सगळं आपोआप करतो. करतो, पण त्याचा हिशेब ठरावीक असतो. उल्हासनगरच्या दुकानात ट्यूबलाइटखाली बसलेल्या माणसाचा सावळा रंग तो अनेकदा उजळून टाकतो, आणि मला हे फार खटकतं. तो रंग त्या माणसाचा आहे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: दगड संकोचत नाही, माणूस संकोचतो. मान्य. म्हणूनच प्रकाशाचा अभ्यास आधी दगडापुढे करावा. मग माणसासमोर लक्ष यंत्रात अडकत नाही, त्याच्याशी मोकळेपणाने बोलता येतं.