जिवंत आहोत, एवढ्यानं भागत नाही

शाळेच्या पुस्तकात सजीवांची लक्षणं दिलेली असतात. सजीव अन्न घेतो, श्वास घेतो, वाढतो, हालचाल करतो. नको ते शरीराबाहेर टाकतो. बाहेर काही घडलं की त्याला जाणवतं. आपल्यासारखा दुसरा जीव जन्माला घालतो आणि एक दिवस मरतो. त्याचं शरीर पेशींचं बनलेलं असतं. वनस्पती काय नि प्राणी काय, सगळे पेशींचेच, हे श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८-३९ मध्ये मांडलं. म्हणजे रावेरच्या मळ्यातली केळ, तिला पाणी भरणारा मजूर आणि मळ्याचा मालक, तिघांची घडण एकच.

आपली पोरं सभेत हेच बोलतात. त्यांचं रक्त लाल, आमचंही लाल, मग भेद कशाला? टाळ्या पडतात. पण दोस्तहो, हा मुद्दा जरा ठोकून बघू.

महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, पाखरं पीत होती. त्यांना कुणी अडवलं नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. तरी आपल्या माणसाला तिथं ओंजळभर पाणी नव्हतं. आता सांगा, हा माणूस जिवंत आहे, याला तहान लागते, हे अडवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं काय? चांगलं ठाऊक होतं. तहान लागते म्हणूनच तर पाणी तोडून माणूस वाकवता येतो. दगडाचं पाणी कोण तोडील?

तेव्हा जात ही जीवशास्त्राच्या अज्ञानातून आलेली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, ते तहान भागवायला नव्हे. ते पाणी न पिताही आपण जगत आलो, हे त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच त्यांनी सांगितलं. इतरांसारखी आपणही माणसं आहोत, हे सिद्ध करायला ते जाणं होतं.

उत्सर्जनाचं घ्या. हे लक्षण ब्राह्मणापासून बैलापर्यंत सगळ्यांना सारखं. पण सगळ्यांचा मैला उचलायचं काम ठरावीक जातींच्याच माथी. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले, तरी गटारात उतरून माणसं मरतात. लक्षण सगळ्यांचं, मरण कुणाचं?

आणखी एक धोका आहे. लक्षणांची यादी म्हणजे पास-नापासाची परीक्षा नव्हे. आपल्या भागातली केळ बघा. तिच्या फळात रुजणारं बी नाही. कंदाला मुनवे फुटतात, नाहीतर प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आणून लावतात. बी नाही म्हणून तिला कुणी निर्जीव म्हणत नाही. पण पोर झालं नाही म्हणून बाईला आपल्याच वस्तीत वांझोटी म्हणून हिणवतात. पांगळ्याला, थकल्या म्हाताऱ्याला बिनकामाचा म्हणतात. शरीर बघून माणसाची किंमत करायची, हीच तर जातीची रीत. ती घरात ठेवायची आणि चौकात समतेवर बोलायचं, हे नाही चालायचं.

माणसं सगळ्या बाबतीत सारखी नसतात, हा विरोधकांचा मुद्दा बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलना'त सरळ मान्य केला. आणि तरीही समता हेच वागण्याचं तत्त्व धरलं पाहिजे, असं बजावलं. यात फार मोठी गोष्ट आहे. समता शरीर चिरून सापडत नाही. ती ठरवावी लागते, आणि ठरवल्यावर राखावी लागते. संविधानाचं १७ वं कलम कुणाचं रक्त तपासून लिहिलेलं नाही.

मग ती यादी टाकून द्यायची काय? नाही. ती हक्क देत नाही, पण नातं दाखवते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये निघाला. करुणा माणसांपुरती आणि मैत्री सगळ्या जीवांसाठी, अशी फोड त्यात आहे. मुंगीला साखर घालून माणसाला विहिरीवरून हाकलणारी दया ही मैत्री नव्हे.

तेव्हा पुढच्या सभेत रक्ताचा रंग सांगा, हरकत नाही. पण तिथंच थांबू नका. त्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, तेही सांगा.