डावा कोपरा

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या वार्ताहराचा फोन आला. "ताई, निधनवार्तेच्या चार ओळी लिहून धाडा." मी लिहिल्या. वय, गाव, वैनगंगेच्या काठी अंत्यसंस्कार, 'ते कष्टाळू व मनमिळाऊ स्वभावाचे होते, त्यांना कबड्डीची आवड होती', पश्चात पत्नी, दोन मुली, जावई, नातवंडं. पाठवायच्या आधी वाचून पाहिलं आणि बोट थांबलं. आमच्या गावात त्या वर्षी गेलेल्या कोणाही म्हाताऱ्याचं नाव वर घातलं असतं तरी मजकूर तसाच चालला असता. कबड्डी तेवढी खोडावी लागली असती.

म्हणजे बाबा त्या खोडण्याजोग्या शब्दातच होते की काय?

भंडारा जिल्ह्यात, धानाच्या मुलखात, कष्टाळू नसलेला माणूस दाखवायचा कुठून? मृगात पऱ्हे टाकायचे, मग चिखलणी, रोवणी, निंदण, तलावाच्या पाण्याची पाळी रात्री दोनला आली तर दोनला बांधीवर. दिवाळीच्या आगेमागे कापणी, पुंजणे, मग चुरणं. हे सगळं करणारा माणूस सद्गुणी असतो असं नाही. तो जेवणारा असतो, एवढंच. ज्या गोष्टीत माणसाला निवड नव्हती, तिचंच आपण त्याच्या माघारी कौतुक करतो. मोठ्या पगाराचा माणूस गेला तर त्याला कोणी कष्टाळू म्हणत नाही. त्याच्यासाठी 'अभ्यासू', 'दूरदृष्टीचे' असले शब्द राखून ठेवलेले असतात.

निवड बाबांनी एकाच ठिकाणी केली होती. धान घरी आलं की ते संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जायचे. रिकाम्या बांधीत खेळायची सोय नव्हती, कारण धान उभं असतानाच त्यात लाखोळी फेकलेली असायची. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू व्हायच्या. दिवसा दंडार, रात्री नाटक, कुठं शंकरपट, कुठं कबड्डीचे सामने. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा होईपर्यंत सारा एकच जिल्हा होता. तिरोड्याचे, अर्जुनी मोरगावचे संघ आमच्याकडे 'जिल्ह्यातले' म्हणून यायचे आणि हरले की 'तिकडले' व्हायचे. आजोबांना यातलं काहीच पटत नसे. "कबड्डीनं धान पिकते का गा?" हा त्यांचा प्रश्न. त्याला बाबांकडे उत्तर नव्हतं आणि ते शोधतही नसत.

बाबा डावा कोपरा सांभाळायचे. चढाई करणाऱ्याला टाळ्या मिळतात, कोपऱ्यावरच्याला मार मिळतो. त्याचं काम म्हणजे वाट पाहणं. चढाईवाला निदान रेषा ओलांडून आत येतो, हात फेकतो, हूल देतो, मागे जातो. कोपऱ्यावरच्यानं हलायचं नाही. घोटा धरायचा तो एकाच क्षणी, एक श्वास आधी नाही आणि नंतरही नाही. मी सात-आठ वर्षांची असताना सायकलच्या दांडीवर बसून सामन्यांना जायचे. परतताना ते सांगायचे, "त्याच्या पायाकडं नोको पाहू माय. पाय खोटं बोलते. कंबर पाह्य."

हेच बाबा शेतात भयंकर उतावळे होते. पाऊस थांबत नाही, मजूर थांबत नाही, तलावाचं पाणी थांबत नाही, मग हे कसे थांबणार? बैलांवर ओरडत, आईवर ओरडत, जेवताना एक पाय दाराबाहेर. आम्ही पोरींनी घरी पाहिला तो हा घाईचा माणूस. मैदानावर गुडघे किंचित वाकवून, हात सैल सोडून उभा असलेला तो दुसरा माणूस मला अनेक वर्षं त्यांचा सोंगाचा अवतार वाटायचा. आता उलट वाटतं. घाई त्यांची नव्हती, हंगामाची होती. धीर मात्र त्यांचा स्वतःचा होता, आणि तो वापरायला मिळावा अशी जागा साडेबारा मीटर लांबीच्या त्या पटांगणाखेरीज त्यांच्या आयुष्यात दुसरी नव्हती.

योहान हुइझिंगा या डच इतिहासकारानं १९३८ साली 'होमो लुडेन्स' या पुस्तकात मांडलं की खेळ हा रोजच्या जगण्याच्या, गरजेच्या बाहेर आखलेल्या रिंगणात घडतो. अर्धं पटतं. रेषा आखलेली असते हे खरं, पण बाबांच्या बाबतीत रेषेच्या आत आणि बाहेर मातीही तीच होती आणि शरीरही तेच. चिखलणीनं तयार झालेल्या पिंडऱ्यांनीच ते पकड टिकवायचे. गरजेनं घडवलेलं शरीर त्यांनी बिनगरजेच्या कामाला लावलं. ही मला छोटीशी चोरी वाटते, हंगामाच्या मालकीची वस्तू परस्पर वापरण्याची.

या खेळाचा थोरपणा त्यांना सांगावा लागला नाही, आणि सांगितला तेव्हा विशेष वाटलंही नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं, १९९० ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ती पदकाचा खेळ झाली, हे मी शाळेतून येऊन सांगितलं. ते म्हणाले, "मातीवर खेळले का?"

२०१४ हे वर्ष त्यांच्या दृष्टीनं विचित्र गेलं. ७ मे ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर, म्हणजे आमच्या शंकरपटावरही, बंदी आणली, आणि २६ जुलैला प्रो कबड्डी सुरू झाली. एक खेळ मैदानातून गेला, दुसरा टीव्हीत गेला. पटाचा त्यांना कबड्डीएवढा नाद नव्हता, तरी पटात बैल हाकणाऱ्या धुरकरी मित्रांसाठी ते हळहळले. बैलाच्या शेपटीला काय काय करतात हे मी पाहिलेलं होतं, म्हणून मला बंदी चूक वाटली नव्हती. यावर आमचं भांडण झालं, ते २०२३ च्या मे महिन्यात न्यायालयानं राज्याचा शर्यतीचा कायदा ग्राह्य धरला तरी मिटलं नव्हतं. टीव्हीवरची कबड्डी मात्र ते रोज बघायचे. निळ्या गादीवर तीस सेकंदांचं घड्याळ, पडद्यावर चढाईवाल्याचा चेहरा मोठा करून दाखवलेला. बाबा पडद्याच्या कोपऱ्यात बघत बसायचे. "कॅमेरा हटवा न बाप्पा," म्हणायचे, "पोरगा तिथं उभा आहे."

कबड्डीचे जुने तीन प्रकार त्यांनीच मला सांगितले होते: अमर, गामिनी, संजीवनी. अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही, नुसता गुण मोजतात. गामिनीत बाद तो बाद. अख्खा संघ संपेपर्यंत बाहेर. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक परत आत येतो, आजचा खेळ त्यावरच चालतो. ते गेल्यावर ही नावं माझ्या डोक्यात घोळू लागली आणि त्यांचं काहीतरी करावं असा मोह झाला. पण बाबा हसले असते. त्यांच्यासाठी ते नियम होते. मैदानात नियम म्हणजे नियम.

एका गोष्टीपाशी माझा सगळा विचार अडतो, ती म्हणजे आई. माणूस त्याच्या खेळात सापडतो म्हटलं तर तिला शोधायचं कुठं? रोवणी बायकांचीच. कमरेत वाकून, उलट पावली, पाण्यात दिवसभर. बाबा मैदानावर असायचे त्या संध्याकाळी घरी ढोरं, चूल आणि आम्ही दोघी होतो; त्यांचा धीर तिच्या वेळावर पोसलेला होता. माहेरी असताना भुलाबाईपुढं फुगडी घालायची, एवढंच ती सांगते. मी दहाची झाले तेव्हा सायकलची दांडीही बंद झाली, 'पोरगी मोठी झाली' म्हणून, आणि हे बाबांनीच ठरवलं. एका स्पर्धेत बाबांना पितळेचा गंज बक्षीस मिळाला होता, भंडाऱ्याच्या कारागिरांनी घडवलेला. शिल्ड भिंतीवर गेली असती. गंज चुलीवर गेला. चाळीस वर्षं आईनं त्यात आंघोळीचं पाणी तापवलं. बक्षीस त्यांचं, काजळी घासायची तिनं.

मी तिला चार ओळी वाचून दाखवल्या. 'कष्टाळू' वर ती काही बोलली नाही. कबड्डीची आवड होती, यावर म्हणाली, "आवड काय लिहितेस? बोटाचं लिही."

डाव्या हाताची करंगळी. एका पकडीत मधल्या सांध्यातून निखळली, गावातल्याच कोणीतरी ओढून बसवली, ती वाकडी राहिली ती राहिलीच. विळा धरताना ती मुठीच्या बाहेर राहायची, ताटावर बसले की घासापासून लांब. शेवटची आंघोळ त्याच गंजातल्या पाण्यानं घातली. आईनं हात पुसला, बोटं एकेक करून सरळ केली, करंगळीपाशी आली, ती थोडी दाबून पाहिली, आणि तशीच राहू दिली.