साखळी कुणी ओढली आणि का?

आषाढीच्या आधी कुर्डुवाडी जंक्शनच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. पंढरपूरला निघालेली माणसं इथे गाडी बदलतात. अशाच एका गर्दीत गाडी हलली आणि डब्यातल्या एका माणसाने साखळी ओढली. त्याची म्हातारी आई एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नातवाचं मनगट धरून फलाटावरून डब्यामागे धावत होती. सुरक्षा दलाचा जवान आला. ‘‘साखळी कुणी ओढली?’’ ‘‘मी ओढली, साहेब. आई खाली राहिली होती.’’

या उत्तरातलं पहिलं वाक्य कबुलीचं आहे, दुसरं बचावाचं. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १४१ साखळी ओढणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगतं, पण ‘रास्त आणि पुरेशा कारणाशिवाय’ ओढली तरच. हात साखळीला लागला एवढ्याने गुन्हा पुरा होत नाही.

फौजदारी कायद्यातल्या सर्वसाधारण अपवादांचा गाभा हाच आहे. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यातून पुढे भारतीय दंड संहिता आली, १८६२ पासून लागू झाली. इंग्लंडमध्ये निकालांत विखुरलेले बचाव इथे एका प्रकरणात गोळा झाले. आज तिची जागा घेतलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १४ ते ४४ मध्ये आहेत: चूक, अपघात, बालवय, वेड, धाक, आत्मसंरक्षण. अनेकांना या पळवाटा वाटतात. मला त्या कायद्याच्या माणुसकीच्या खुणा वाटतात, आणि त्यांना मर्यादाही आहेत. १८८४ मध्ये समुद्रात भुकेने मरायला टेकलेल्या खलाशांनी आपल्यातल्या एका पोराला मारून खाल्लं, तेव्हा इंग्लिश न्यायालयाने गरजेचा बचाव नाकारला. शिक्षा पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली, पण तत्त्व कायम राहिलं: स्वतःच्या जिवासाठी निरपराधाचा जीव घेता येत नाही.

माझी तक्रार आहे ती पुराव्याच्या ओझ्याबद्दल. इंग्लंडमध्ये आरोपीने आत्मसंरक्षणाचा मुद्दा पुराव्यानिशी उभा केला, की तो खोडून काढणं सरकारी पक्षाचं काम. आपल्याकडे अपवादात बसणारी परिस्थिती नव्हतीच, असं न्यायालय गृहीत धरून चालतं आणि ती होती हे आरोपीने दाखवायचं असतं. संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकलं तरी पुरतं. पण ज्याच्याकडे वकिलाचे पैसे नाहीत, त्याने त्या पारड्यात टाकायचं काय?

महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये पत्नीचा दगडाने खून केला. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरलं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेडाचा बचाव मान्य करून त्याला सोडलं. त्याला तारलं ते कागदांनी: घटनेआधी स्किझोफ्रेनियावर उपचार झाल्याची नोंद, अटकेनंतर पुन्हा पुन्हा दवाखान्यात नेल्याची नोंद. तोच आजार माढा तालुक्यातल्या एखाद्या शेतमजुराला झाला आणि घरच्यांनी दवाखान्याऐवजी देवऋषी गाठला, तर त्याचं वेड तितकंच खरं असूनही न्यायालयापर्यंत पोचणार कसं?

म्हणून बचावाचा पुरावा तपासातच गोळा व्हायला हवा. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी करून अंगावरच्या जखमांची नोंद करावी आणि तिची प्रत आरोपीला द्यावी, असं कायदा आजही सांगतो. मारहाणीत आरोपीच्या मनगटावर उमटलेला वळ आठवड्यात मावळतो, खटला मात्र वर्षांनी उभा राहतो. ती प्रत खरोखर हातात पडावी, आणि आरोपीच्या मनःस्थितीबद्दल शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी विचारलं जावं. यासाठी नवा कायदा नको, तपास करणाऱ्याची वृत्ती हवी.

त्या दिवशी जवानाने वही उघडण्याआधी दारातून वाकून फलाटाकडे पाहिलं. म्हातारी धापा टाकत उभी होती, पोराचं मनगट अजून तिच्या मुठीत होतं. साखळी का ओढली याचा पुरावा तिथे समोर होता, कारण तो पाहणाऱ्याने वेळेवर पाहिला.