अंधाराची किंमत



एखादा ओळखीचा मुलगा ‘सौर व पवन ऊर्जेचे गणिती प्रारूप’ या विषयावर पीएच.डी. करतो आहे असे कळले, की आपण कौतुकाने मान डोलावतो आणि पुढे काही विचारत नाही. गणितात न्याय-अन्यायाचा काय संबंध, असे आपल्याला वाटते.

हे काम असते तरी काय? वर्षाचे ८,७६० तास. प्रत्येक तासाला ऊन किती, वारा किती, विजेची मागणी किती, हे संगणकात भरायचे. रात्री ऊन नसते. वाऱ्याचा वेग निम्मा झाला, तर त्यातली शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. मग किती पॅनेल, किती पवनचक्क्या आणि किती बॅटऱ्या घेतल्या म्हणजे खर्च सर्वांत कमी येईल, ते शोधायचे.

एकही तास वीज जाऊ नये म्हटले, तर बॅटऱ्यांचा खर्च फार वाढतो. म्हणून पुष्कळदा न मिळालेल्या प्रत्येक युनिटला दंड लावतात. ही झाली अंधाराची किंमत. ती कमी धरली, की संगणक बॅटऱ्या कमी करतो आणि थोडा अंधार पत्करतो.

ही किंमत ठरवायची कशी? ब्रिटनमध्ये २०१३ साली ग्राहकांना विचारून ती काढली. हिवाळ्यातील जास्त मागणीच्या वेळेसाठी युनिटला सुमारे १७ पौंड आली. पण ज्याची मिळकत तुटपुंजी, तो आकडाही लहानच सांगणार. मग त्याचा अंधार स्वस्त ठरतो. शिवाय शंभर घरांना एकेक युनिट कमी पडले काय, किंवा एकाच पाड्यातील दहा घरांना दहा-दहा युनिटे कमी पडली काय, बेरीज शंभरच! भारनियमनाच्या दिवसांत शहरात दिवे आणि खेड्यात काळोख, हे आपण पाहिले आहे.

मग किंमत लावूच नये का? दंड नसेल, तर संगणक सगळा अंधारच पसंत करील, कारण तो फुकट! आकडा लागतोच; दोष आहे तो झाकून ठेवण्यात. संशोधकाने तो प्रबंधात उघड लिहावा, का धरला ते सांगावे आणि बदलून पाहावा. कोणत्याही वस्तीला अमुक तासांहून अधिक अंधार नको, अशी अटही समीकरणांत घालावी.

अशा अटीने खर्च थोडा वाढेल. दूरच्या पाड्यावर दिवा राहावा म्हणून आपल्या वीजबिलात चार पैसे जास्त आले, तर आपण ते कुरकुर न करता भरू का?