पळायलाही पत लागते

पळणे या साध्या क्रियापदाची आपण फार बदनामी करून ठेवली आहे. 'पळपुटा' म्हणा, 'भागूबाई' म्हणा, 'पाठ दाखवली' म्हणा. पळणाऱ्याबद्दल बरा शब्द सहसा निघतच नाही. मत्स्यन्याय सांगतानाही आपण मोठा मासा छोट्याला गिळतो एवढंच सांगतो. म्हणजे भ्यायचं ते छोट्यानं, मोठ्यानं मिशीला पीळ देत हिंडायचं. (शिंगाळ्याला मिशा असतातही!)

पण माशांचा हिशेब निराळा आहे. बहुतेक माशांच्या मेंदूत, मागच्या भागात, माउथनर नावाच्या दोन मोठ्या पेशी असतात. डावीकडून संकट आलं की डावीकडची पेशी हुकूम सोडते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मासा धनुष्यासारखा वाकून उजवीकडे सटकतो. पळायचं कसं, हे असं ठरलेलं. प्रश्न आहे तो केव्हा पळायचं, हा.

आपल्याकडच्या गंगेच्या खोऱ्यातल्या झेब्राफिश या बोटभर मासळीवर लॉरेन्स डिल यांनी १९७४ साली प्रयोग प्रसिद्ध केले. चाल करून येणाऱ्याची आकृती डोळ्यात किती झपाट्यानं फुगते, हे ती मासळी बघते. मोठ्या धूडाला ती लांबूनच नमस्कार करते. पुढे १९८६ साली डिल आणि यिडेनबर्ग यांनी मुद्दा मांडला, की शत्रू दिसला म्हणून कोणी लगेच पळत नाही. तोंडचा घास सोडण्यातलं नुकसान एका पारड्यात, थांबण्यातला धोका दुसऱ्यात. दुसरं पारडं जड झालं की काढता पाय घ्यायचा. आता याला भित्रेपणा म्हणायचं की जमाखर्च, तुम्हीच सांगा.

खरी गंमत पुढेच आहे. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोसच्या पोपटमाशांवर २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाणबुड्या माणूस जवळ येऊ लागला की मोठे मासे लांबूनच पळत आणि छोटे त्याला पुष्कळ जवळ येऊ देत! यात नवल नाही. भाल्याला हवा असतो तो मोठा मासा. चिंगळीएवढ्या पोरासाठी कोण भाला परजतो? आणि मासेमारीला बंदी असलेल्या राखीव पाण्यात तेच मासे माणसाला अधिक जवळ येऊ देत.

हे वाचल्यापासून माझ्या शौर्याचा मला संशय येऊ लागला आहे. गणपतीच्या दिवसांत वर्गणीवाले गल्लीच्या तोंडाशी दिसले, की शेजारचे बंगलेवाले मागच्या दारानं नाहीसे होतात. मी मात्र ओसरीवर पेपर वाचत निर्धास्त बसतो. "याला म्हणतात छाती!" असं मी एकदा बोलून गेलो. ही आतून म्हणाली, "अहो, छाती कसली? तुमच्याकडं मागायला आहे काय?"

ओसरीवरच्या विनोदात हे खपून जातं. पण दुसऱ्याला आपण भित्रा म्हणतो तेव्हा त्याच्यामागे भाला घेऊन कोण लागलंय, हे आपण कुठं विचारतो? ज्याची नोकरी, जमीन किंवा लेकरं पणाला लागलेली असतात, तो लांबूनच पळतो. ज्याच्यावर कोणाचा डोळाच नाही, तो धैर्यावर व्याख्यानं देतो. आणि राखीव पाण्यातल्या माशाच्या निर्भयपणाचं श्रेय माशाला किती आणि पाण्याला किती? मला वाटतं, माणसांना 'भिऊ नका' म्हणून उपदेश करण्यापेक्षा भाले कमी करणं हे जास्त नीतीचं काम आहे.

तोवर कोण किती अंतरावरून पळतो, त्यावरून त्याची पत ओळखावी. माझ्यापाशी लोक अजून अगदी हातभर अंतरापर्यंत येतात. आणि शेजारच्या बंगल्याचं मागचं दार कुठं आहे, ते विचारतात.