घरीं आलेल्या मुलास दोन ओळी



डॉ. वान्लेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय काढलें, तेव्हांपासून आपल्या भागांतील लोक जीव वांचविण्यासाठीं तिकडे धांव घेत आले आहेत. परंतु जीव देऊं पाहणारें मूल सांगली-मिरजेहून वांचून गांवीं परततें, तेव्हां संकट टळलें असें मानणें चूक होय. पुढचे कांहीं आठवडेच फार नाजूक असतात. डॉक्टर दूर राहतात, शेजारी कुजबुजतात, आईबाप लाजेनें गप्प बसतात. अशा मुलास मोबाईलवर दोन ओळींचा निरोप धाडणें ही खरी सेवा, कीं स्वस्तांत उरकलेली माया?

अमेरिकेंत सान फ्रान्सिस्को येथें डॉ. जेरोम मोटो यांनीं १९६९ पासून हें पारखून पाहिलें. रुग्णालयांतून सुटून पुढील उपचार नाकारणाऱ्या ८४३ जणांपैकीं कांहींस त्यांनीं पांच वर्षें अधूनमधून लहानशीं पत्रें पाठविलीं. त्यांत उपदेश नव्हता, मागणें नव्हतें; तुमची आठवण आहे, एवढेंच. पहिल्या दोन वर्षांत पत्रें मिळालेल्यांमध्यें आत्महत्या कमी झाल्या. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें चेन्नई धरून पांच देशांत एक संभाषण आणि दीड वर्षांत नऊ वेळां विचारपूस, एवढेंच केलें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतांतही मृत्यु घटलेले दिसले. सर्वच प्रयोगांस असें फळ आलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

माझ्या मतें या ओळींचें बळ त्या कांहींच मागत नाहींत यांत आहे. घरीं आलेल्या मुलास जो तो विचारतो, "असें कां केलेंस?" नाहीं तर शपथ घालतो. उत्तराचें ओझें नसलेला शब्द त्यास क्वचितच मिळतो. मग तेच शब्द शंभर मुलांस गेले तर ती लबाडी काय? नव्हे, सांत्वनाचे शब्द जुनेच असतात. लबाडी निराळी : यंत्र पाठवीत असतां माणसाचें नांव घालणें, किंवा मुलानें रात्रीं "आज फार जड जातें" असें लिहिलें असतां तें सकाळपर्यंत कोणीं न वाचणें. ज्यास रात्रीं वाचणें शक्य नाहीं त्यानें तसें आरंभींच कळवावें, आणि २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. ती दिवसरात्र चालू असते.

खेड्यांत मोबाईल बहुधा बापाच्या खिशांत असतो. म्हणून निरोप कोठें यावा हें मुलासच आधीं विचारावें, व झाल्या गोष्टीचा त्यांत उल्लेख नसावा. पोलिसांचें भय घालणारेही भेटतात. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा प्रयत्न तीव्र मनस्तापानें घडला असें गृहीत धरून शिक्षेपासून संरक्षण दिलें आहे.

पहिला निरोप दुसऱ्याच दिवशीं जावा. "आज बाजारास गेलों होतों, तुझी आठवण झाली," इतकें पुरे. पुढचा आठवड्यानें.