परत केलेले पाणी

बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा उघडून नद्यांची नावे वाचावीत. पैनगंगा, नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा. काशीला जाणे ज्यांना कधी परवडले नाही, त्यांनी घरामागच्या ओढ्यालाच गंगा करून टाकले, असे कुणाला वाटले तर तो चुकला असे म्हणवत नाही. अजिंठ्याच्या रांगेतून निघून यातल्या तिघी उत्तरेला उतरतात आणि पूर्णेतून तापीला मिळतात. पैनगंगा मात्र पाठ फिरवून पूर्वेकडे निघते, वर्धा नदीला जाऊन मिळते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. चैत्र-वैशाखात या सगळ्यांच्या पात्रात वाळू आणि गोटे एवढेच उरते. तरीही त्यांचे गंगापण कुणी काढून घेतलेले नाही. मग हे गंगापण नेमके कशात आहे? पाण्यात म्हणावे, तर ते निम्मे वर्ष नसतेच. हा प्रश्न नुसत्या कीर्तनाचा नाही. छोट्या जलविद्युत प्रकल्पांच्या बाजूने जो सर्वांत भक्कम युक्तिवाद केला जातो, त्याची पारख याच प्रश्नावर होते.

युक्तिवाद असा: वीज तयार करताना पाणी खर्च होत नाही. नदीवर बुटका बंधारा घालायचा, पाणी बाजूच्या कालव्यात किंवा नळात वळवायचे, उतारावरून खाली सोडून टर्बाइनची पाती फिरवायची आणि वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी पुन्हा नदीत सोडून द्यायचे. घेतले तेवढे परत. बुडीत क्षेत्र फारसे नाही, विस्थापन नाही, धूर नाही. म्हणूनच २००५ साली महाराष्ट्र सरकारने २५ मेगावॅटपर्यंतचे जलविद्युत प्रकल्प खासगी क्षेत्राला खुले करणारे धोरण आणले, आणि केंद्राच्या २००६च्या अधिसूचनेने २५ मेगावॅटखालच्या जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरीच्या अटीतूनच वगळले. हिशेबाच्या वहीत सगळे बरोबर बसते. पण बंधारा आणि वीजगृह यांच्यामधल्या पात्राचे काय, हे त्या वहीत कुठेच लिहिलेले नसते. तेवढ्या अंतरात पाणी नळातून जाते आणि नदी उघडी पडते. डोह आधी एकमेकांपासून तुटतात, मग कोमट होतात, मग त्यांच्यावर शेवाळाची साय धरते. पहिल्या पावसात वर चढणारे चढणीचे मासे बंधाऱ्याच्या भिंतीपर्यंत येतात आणि तिथेच अडतात. संध्याकाळी विजेची मागणी वाढली की काही ठिकाणी साठवलेले पाणी एकदम सोडतात. कोरड्या पात्रातल्या माणसाला आणि गुराला तो लोंढा सांगून येत नाही. एका नदीवर असे तीन-चार प्रकल्प ओळीने झाले, तर प्रत्येक जण प्रामाणिकपणे ‘मी पाणी परत केले’ म्हणू शकतो, आणि तरी मधल्या मैलोन्‌मैल पात्रात नदी नसते.

इथे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचा उपयोग होतो. वैशेषिकांनी द्रव्य आणि कर्म हे दोन वेगळे पदार्थ मानले. पाणी हे द्रव्य, द्रवत्व हा त्याचा गुण आणि वाहणे, म्हणजे स्यंदन, हे त्याचे कर्म. विहिरीतले पाणी, रांजणातले पाणी आणि नदीचे पाणी द्रव्य म्हणून सारखेच आहे. नदी वेगळी ठरते ती कर्मामुळे. पाणी परत केले म्हणणारा द्रव्याचा हिशेब देतो आहे, त्याने घेतले आहे ते कर्म. आणि कर्म परत करता येत नाही. दोन किलोमीटर न झालेले वाहणे तिसऱ्या किलोमीटरला भरून देण्याची सोय नाही. व्यवहारातही आपल्याला हे ठाऊक असते. तीर्थ हा शब्द ‘तरून जाणे’ या अर्थाच्या धातूतून आला आहे. साचलेल्या पाण्याला आपण संगम म्हणत नाही. वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला मराठीत एक नेमका शब्द रूढ झाला आहे, तो कोयनेमुळे घरोघरी पोचला: अवजल. ज्याने हा शब्द घडवला त्याने तक्रार केली नव्हती, पण त्या ‘अव’मध्ये बरेच काही येऊन गेले.

मग नदीच्या वाहण्यावर हक्क कुणाचा? याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारख्या वास्तूंना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो, ते ज्याच्या नावावरून, तो देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री धर्मशास्त्राचा मोठा संग्राहक होता. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या दानखंडात जलाशयांच्या दानाचा विचार आहे. धर्मशास्त्रात या विधीला उत्सर्ग म्हणतात. स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पैशाने तळे किंवा विहीर खोदणाऱ्यानेही ती अखेर सर्व प्राणिमात्रांसाठी सोडून द्यायची. हे तळे माझे, हा भाव टाकल्याशिवाय त्या कामाचे पुण्य पुरे होत नाही. सगळे मालक तसे वागले असे मी म्हणत नाही. पण कल्पना बघा: ज्याने घाम गाळून पाणी निर्माण केले त्यानेही हक्क सोडायचा. मग जी नदी कुणीच खोदली नाही, तिच्या वाहण्याचा वर्षानुवर्षांचा करार एका कंपनीच्या नावे कोणत्या अधिकाराने होतो? सरकार मालक आहे म्हणून, असे उत्तर येईल. सरकार विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताला सांभाळता येते, फुंकून टाकता येत नाही.

यावर एक आक्षेप खरोखर बोचणारा आहे. नदी पवित्र म्हणून तिला हात लावू नका, हे म्हणणाऱ्या याच परंपरेने माणसांना पाण्याला हात लावू दिला नाही. चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणा राजा याच जिल्ह्यात, देऊळगाव राजाच्या परिसरात आहे आणि खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला आज संत चोखासागर म्हणतात. ज्यांना पाणवठ्यापासून दूर ठेवले त्यांच्या नावाचे पाणी! उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला कायदेशीर व्यक्ती ठरवले तो दिवस २० मार्च २०१७, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला बरोबर नव्वद वर्षे पूर्ण होण्याचा दिवस. काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्याचे मला फार दुःख नाही. नदीला देवी किंवा व्यक्ती ठरवून तिच्यावर माणसे पहाऱ्याला बसवली, की पहारेकरी कोण हा जुनाच प्रश्न परत येतो. म्हणून माझा आधार पावित्र्याचा नाही, सार्वजनिकतेचा आहे. चवदार तळ्यावर मागितले गेले तेही हेच होते: पाणी सगळ्यांचे. उत्सर्गाचा विधी आणि महाडची ओंजळ एकमेकांपासून कितीही दूर असोत, या एका मुद्द्यावर त्यांची साक्ष एकच पडते.

दुसरा आक्षेप कोळशाचा. विदर्भाने धूर सोसायचा आणि नद्यांनी मात्र सोवळ्यात राहायचे, हा कुठला न्याय? आक्षेप रास्त आहे, आकडे मात्र त्याच्या बाजूने नाहीत. बुलढाण्याच्या सीमेला लागून, मेळघाटातून येणाऱ्या वान नदीच्या धरणावर महानिर्मितीचे दीड मेगावॅटचे वीजगृह आहे, आणि चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे. कोळशाला पर्याय म्हणून ओढे-नाले मोजायला बसलो तर राज्यातले ओढे संपतील, चंद्रपूरची चिमणी तशीच राहील. शिवाय वानचे उदाहरण नीट बघण्यासारखे आहे. ते वीजगृह धरणाच्या पायथ्याशी आहे. नदी अडवली गेली ती धरणाने, विजेने नव्हे. असल्या ठिकाणी वीज काढायला माझा विरोध नाही, उलट जिथे कालव्याला उतार आहे तिथे ती जरूर काढावी. प्रश्न आहे तो अजून मोकळ्या असलेल्या पात्राचा. वानच्या पाण्यावर संग्रामपूर आणि जळगाव जामोद भागातली १४० गाव योजना उभी आहे. तिथल्या खारपाणपट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या विहिरीचे खारे पाणी पीत आली आणि मूत्रपिंडाच्या आजारांनी बेजार झाली. तहानेसाठी नदी अडवणे आणि काही मेगावॅटच्या परताव्यासाठी नदी वळवणे यांना एकाच तराजूत घालणे मला जमत नाही. गरजेचा क्रम सोडला की ‘विकास’ या शब्दात काहीही बसते.

पैनगंगा बुलढाण्यातून निघून नांदेड-यवतमाळच्या सीमेवर सहस्रकुंडाला काळ्या खडकावरून कोसळते. तिथे पंचमुखी महादेव आहे, आणि पाणी अडवण्याचा विषयही अधूनमधून निघत असतो. तो पुन्हा निघेल तेव्हा पाणी किती परत करणार, हे विचारू नये. मधल्या पात्रात दर महिन्याला किती वाहते ठेवणार, ते विचारावे. हा प्रश्न हवेतला नाही. मोठ्या गंगेसाठी तो कायद्यात उतरला आहे: ९ ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने हिवाळ्यात मासिक सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के पाणी पात्रात वाहते ठेवण्याचे बंधन वरच्या गंगेवर घातले. गंगेच्या मोकळ्या प्रवाहासाठी उपोषणाला बसलेले प्रा. जी. डी. अग्रवाल त्यानंतर दोनच दिवसांनी वारले. ती अधिसूचना हिमालयातल्या उगमापासून उन्नावपर्यंत लागू आहे. पैनगंगा, नळगंगा, विश्वगंगा आणि ज्ञानगंगा यांना ती लागू नाही.